पिशवीवरचा हात

“थांबायचं नाही. दाबा, सोडा. दाबा, सोडा,” सावित्री सिस्टर म्हणाल्या आणि काळी रबरी पिशवी त्यांनी सदूच्या हातात दिली.

खाटेवर त्याची बायको मैना निपचित पडली होती. भुईवर निजलेली असताना तिला मण्यार चावली होती. देवरूखहून जीप निघेपर्यंत तिच्या पापण्या मिटल्या, वाटेत जीभ जड झाली आणि रत्नागिरीच्या इस्पितळात पोचता पोचता छाती हलायची थांबली. आता घशात नळी होती आणि नळीला पिशवी. अतिदक्षता विभागात श्वास देणारं यंत्र एकच, ते शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याला लावलेलं. मैनाचा श्वास घरच्या माणसांच्या हातावर चालला होता.

“औषध दिलंय, पण विष उतरायला वेळ लागेल,” डॉक्टर म्हणाले. “तोवर हात थांबला की ती गेली.”

“आमचं बोलणं तिला कळतं काय?” सदूने विचारलं.

डॉक्टरांनी पापणी उचलून बॅटरी मारली, चिमटा काढून पाहिला. मैना जागची हलली नाही. “आत्ता काही कळत नाही तिला,” ते म्हणाले.

सदू मुंबईला कारखान्यात होता. दोन वर्षांनी भातलावणीसाठी गावी आला होता. बोलणं मऊ, मान कायम खाली. सिस्टरना तो बघताक्षणीच भला वाटला. त्याची आई हौसा मात्र त्यांच्या डोक्यात गेली.

हौसाची पाळी आली की खोलीत शांतता म्हणून राहत नसे. ती पिशवी दाबायची आणि सुनेला फैलावर घ्यायची. “ऊठ गो. सोंग पुरे झाला. भाताचा तरवा जून होऊन चाललाय, तो काय तुझा बापूस येऊन लावनार हाय? म्हस तुझ्याबिगर कुनाला जवळ येऊ देत नाय. ऊठ.”

“आजी, जरा गोड बोला,” सिस्टर म्हणाल्या. “सून मरणाच्या दारात आहे.”

“गोड बोलून कोन उठलाय?” हौसा म्हणाली आणि दाबत राहिली.

दुपारी सदूचा चुलता रावजी आला. दारातूनच त्याने मैनाकडे पाहिलं. “वयनी, हिच्यात काय ऱ्हायला नाय. घरी नेऊया. आपल्या दारात तरी जाईल.”

सदू मैनाची चादर सारखी करू लागला. हौसाने पिशवीवरची नजर काढली नाही. “आनि लावनी कोन करील? तू?”

सिस्टरना संताप आला. माणूस जातंय आणि हिला लावणी सुचतेय. त्यांनी हौसाच्या हातातली पिशवी घेऊन सदूकडे दिली. “आजी, तुम्ही बाहेर बसा. पेज घ्या थोडी. मुलगा आहे इथे.”

हौसा उठली, पण दारात घुटमळली. “त्याला एकटा ठेवू नको, शिस्टर. त्याला झोप आवरत नाय.”

बाहेर जातानाही लेकाला टोमणा. सिस्टरनी दार लावून घेतलं.

थोड्या वेळाने शेजारच्या म्हाताऱ्याची नळी तुंबली. सिस्टर तिकडे धावल्या. त्या परत आल्या तेव्हा सदूचं डोकं मैनाच्या उशीवर टेकलं होतं, तिच्या कानाशी. पिशवी हातातून गळून चादरीवर पडली होती. मैनाची नखं निळी पडली होती.

सिस्टरनी पिशवी उचलली आणि जिवाच्या आकांताने दाबली. नखांचा रंग हळूहळू परतला.

“डोळा लागला, शिस्टर,” सदू म्हणाला. त्याचे गाल ओले होते.

“होतं असं. किती वेळ जागे आहात तुम्ही,” सिस्टर म्हणाल्या आणि त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. मैनाच्या मिटल्या डोळ्यांतूनही पाणी ओघळत होतं. या विषात तसं होतं म्हणून सिस्टरनी ते कापसाने टिपलं.

त्यानंतर त्या सदूच्या पाळीला स्वतः शेजारी बसल्या. गडी फारच थकला होता, त्यांना त्याची दया येत होती.

तिसऱ्या दिवशी मैनाचं बोट हललं. संध्याकाळपर्यंत ती आपली आपण श्वास घेऊ लागली. पुढच्या सकाळी डॉक्टरांनी नळी काढली आणि एका माणसाला आत सोडायची परवानगी दिली. सिस्टरना इतका आनंद झाला होता की त्यांना स्वतःच्या पाळीची वेळ संपल्याचंही भान नव्हतं.

दाराच्या काचेतून सदू बघत होता.

“नवऱ्यालाच पाठवते आधी,” सिस्टर म्हणाल्या. “फार जीव आहे हो त्याचा तुझ्यावर. एकदा झोपेत पिशवी सुटली तर लहान मुलासारखा रडला.”

मैनाने त्यांचं मनगट धरलं. “सासूबायना पाठवा.”

“त्यांना? अगं, त्या तुला किती बोलल्या...”

“त्या बोलत व्हत्या म्हनून मला कळत व्हता, मी अजून जिती हाय.”

सिस्टर तिच्या तोंडाशी वाकल्या. मैनाचा आवाज घोगरा होता, पण शब्द स्पष्ट होते.

“आनि हे झोपले नव्हते, शिस्टर. माझ्या कानाशी आले, ‘माफ कर गो मैने, मुंबयला दुसरी हाय, तिला दिवस गेलेत’ म्हनाले, आनि मग पिशवी सोडलीनी.”