तेविसावी सही

"खुंटा हलला का?" मोठ्या साहेबांनी फायलीतून मान वर न काढता विचारलं.

"नाही, साहेब."

"मग पुन्हा जा."

खुंटा म्हणजे बाजाररस्त्यावरचे सलूनवाले काका. हे नाव कचेरीतच पडलं होतं. आणि त्यांच्याकडे पुन्हा पुन्हा जावं लागत होतं ते नगररचना खात्यातल्या तरुण इंजिनिअरला. रस्ता रुंद करायचा, त्यासाठी एका बाजूची तेवीस दुकानं पाडायची, मागच्या मोकळ्या जागेत गाड्या लावायला चार मजली इमारत उभारायची आणि दुकानदारांना तिथेच गाळे द्यायचे, अशी तिची योजना होती. नकाशाची रेघन् रेघ तिने स्वतः ओढली होती. नियम असा, की बंद दुकानांना विचारायचं कारण नाही. चालू असलेल्या प्रत्येकाची मात्र संमती हवी. जो आधी सही करील त्याला आधी गाळा, असं साहेबांनी जाहीर करताच बावीस जणांनी पंधरा दिवसांत सह्या करून टाकल्या.

अडले ते काका.

ती पहिल्यांदा गेली तेव्हा भरदुपार होती. खुर्ची रिकामी, कात्र्या ओळीने मांडलेल्या, आरसा लख्ख. काका हात पाठीमागे बांधून दारात उभे होते.

"गिऱ्हाईक नाही वाटतं?" तिने मुद्दामच विचारलं. "गाडी लावायला जागा नसेल तर माणूस थांबणार कुठे, काका? म्हणून तर हे सगळं करतोय."

"असेल तसंही. बसा. मला एवढंच सांगा, आमचे गाळे कितव्या मजल्यावर?"

"तिसऱ्या."

"आणि गाड्या?"

"खाली."

"गाड्यांना चाकं आहेत, त्या चढतील वर. शेजारच्या शिवणवाल्या मावशींचे गुडघे गेलेत. गाड्या वर न्या, मग बोलू."

ती धुसफुसत परत आली. संध्याकाळी नकाशा पसरून बसली तेव्हा मात्र तिच्या लक्षात आलं, की गाड्या वर न्यायची चढण तर तिने आधीच काढून ठेवलीय. मजलेच उलटे पडलेत. साहेबांशी तीन आठवडे डोकं लावून तिने गाळे तळमजल्यावर आणले.

ती बातमी घेऊन ती उड्या मारतच गेली. काकांनी नकाशा नीट पाहिला.

"छान. आता आधी पाडणार की आधी बांधणार?"

"आधी पाडावं लागेल. दीड वर्षात इमारत उभी राहते."

"दीड वर्ष तो चपला शिवणारा काय वारा खाऊन राहील? आधी बांधा, मग पाडा."

तेवढ्यात एकाने दारातून डोकावून दाढीचं विचारलं. काका म्हणाले, "आज बाईंशी बोलणं चाललंय. पुढच्या चौकातल्याकडे जा, हात चांगला आहे त्याचा."

"माझ्यासाठी गिऱ्हाईक कशाला घालवता, काका?" ती ओशाळून म्हणाली.

"असू दे. तुमचं काम मोठं आहे."

आधी बांधायचं साहेबांनी मान्य केलं, तेव्हा तिसरी मागणी आली. "नकाशात गाड्यांचे चार पट्टे मोजले मी. माणूस उभा कुठे राहणार, ते सापडलं नाही. बस कुठे थांबते?"

त्या रात्री तिला झोप लागेना. शहराच्या दुसऱ्या टोकाला कामाला जाणारी निम्मी माणसं बसने जातात, हे आकडे तिच्याच टेबलावर पडून होते.

जाहीर सुनावणीला सभागृह खचाखच भरलं. गाडीवाले चिडलेले होते. रोज पाऊण तास त्या चौकात अडकून त्यांचं डोकं फिरलं होतं.

"एका माणसाच्या दुकानापायी अख्खं शहर खोळंबलंय," एकजण ओरडला. "स्वतःपुरतं बघणारी माणसं."

काका शेवटच्या रांगेत मांडीखाली हात घालून बसले होते. त्यांच्या शेजारचा चपला शिवणारा उठायला लागला, तर नुसत्या मानेने त्यांनी त्याला खाली बसवलं.

तिलाच राहवलं नाही. ती उठली आणि बदललेला नकाशा भिंतीवर लावला. रुंद पदपथ, बसथांबा, गाड्यांना तीन पट्टे, वळायला वेगळी वाट. चौकातला खोळंबा कसा निम्म्यावर येतो, ते तिने मिनिटांच्या हिशेबात समजावलं. शेवटी म्हणाली, "ही योजना माझ्या नावावर आहे. पण यातल्या चांगल्या गोष्टी मला त्या सलूनमध्ये सुचवल्या गेल्या."

गाडीवाले नकाशा बघायला पुढे सरकले. साहेबसुद्धा.

दुसऱ्या दिवशी काकांनी तेविसावी सही केली. अक्षर वेडंवाकडं आलं, रेघेच्या खाली घसरलं. म्हाताऱ्याला भरून आलंय, असं वाटून तिने नजर दुसरीकडे वळवली.

इमारत आधी झाली, दुकानं मग पडली. किल्ल्या वाटायच्या दिवशी बावीस जण आले. मावशींनी दारातला सगळ्यात मोठा गाळा घेतला. काका फिरकलेच नाहीत. राग धरून बसले असतील, या धास्तीने ती संध्याकाळी पत्ता शोधत त्यांच्या घरी गेली.

दार सुनेने उघडलं. "बाबा फिरायला गेलेत. काही निरोप?"

"ही त्यांची किल्ली. नव्या सलूनची. तिथे गिऱ्हाइकांचा तोटा पडणार नाही, सांगा त्यांना. आता गाडी लावायला जागा आहे."

सून किल्लीकडे बघत राहिली.

"कसलं सलून? हात थरथरायला लागले म्हणून त्यांनी ते बंद केलं, त्याला चार वर्षं झाली होती. मग बाजारात तुमची नोटीस लागली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा कुलूप काढायला गेले."