हरेल त्याचा चहा

दर मंगळवारी सांगली केंद्रावर नवरा-बायकोच्या भांडणाची गमतीदार श्रुतिका लागे. रहिमतपुरात पेन्शनर सुभेदार हंबीरराव रेडिओतल्या नवऱ्याची बाजू घेत, त्यांची साळूबाई बायकोची. हरेल त्यानं चहा करायचा. "आवं, हुकूम पलटणीत सोडायचं, घरात न्हाई!" म्हणत ती पदर खोचून झुंजायची आणि शेवटी "बरं, तुमचंच खरं," म्हणून चुलीकडं जायची. दहा वर्षांत सुभेदार एकदाही हरले नव्हते, याची त्यांना मिजास होती. साळूबाईचं तेरावं उरकल्यावर पहिल्याच मंगळवारी त्यांनी रेडिओ लावला. आतला नवरा नेहमीसारखाच रेटून बोलत होता. "गप रं गड्या," सुभेदार म्हणाले, "बाईचंच खरं हाय." मग नियमाप्रमाणं उठून त्यांनी आधण ठेवलं, एकेक डबा उघडून पाहिला. "आगं, साखर कुटं ठिवलीस?" त्यांनी हाक मारली आणि उत्तर ऐकू यावं म्हणून रेडिओ बंद केला.