फुकटचा डबा

“कार्ड बंद करू नका, ताई. एवढा एक डबा येऊ दे, मग काय करायचं ते करा.”

क्रांतीनं माऊस सोडला आणि काचेपलीकडं बघितलं. कसबा बावड्याच्या त्या बँकेत रोज नाना तऱ्हेची माणसं यायची. पण खिसा कापला जात असताना ‘कापू दे की’ म्हणणारा माणूस तिनं आजच बघितला.

कृष्णातकाका साखर कारखान्यातून रिटायर होऊन बरीच वर्षं झालेली. पण थाट बघा! केस काळेभोर, इतके काळे की रंगाचा एक ओघळ कानामागं उतरलेला. मिशी कोरलेली. अंगात मोठ्या कॉलरचा, चौकड्यांचा जुना शर्ट, पोटावर बटणं तटतटलेली. असला शर्ट आता शिंपीसुद्धा शिवून द्यायचा नाही.

आणि तक्रार काय, तर पैसे कापले गेले पण डबा आला नाही.

“कसला डबा?”

काकांनी इकडंतिकडं बघून आवाज खाली आणला. पण कोल्हापूरच्या माणसाला ते जमतंय होय? अख्ख्या बँकेला ऐकू गेलं. “तरुण व्हायच्या गोळ्या. सुरकुत्या जात्यात म्हणं. पहिला डबा फुकट हुता, ट्रायलला. घरपोच करायचा खर्च तेवढा आपला.”

“आणि तेवढ्यासाठी तुम्ही कार्डाचा नंबर दिलात.”

“द्याय नको हुता व्हय?”

क्रांतीनं कपाळाला हात लावला. रागही आला आणि दयाही आली. मग तिनं नीट समजावून सांगितलं. फुकटाच्या मालाला कार्ड कशाला लागतंय, काका? जाहिरातीच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलेलं असतं की, मुदतीत नको म्हणून कळवलं नाही तर दर महिन्याला डबा घ्यायचं तुम्ही कबूल केलंय. कळवायला फोन करावा, तर कोण उचलत नाही. फोटोतला डॉक्टर खोटा, गुण आला म्हणणाऱ्या बायका खोट्या. नुसतं कंपनीचं नाव टाकून मोबाइलवर शोधलं असतं, तर लोकांनी घातलेल्या शिव्या दिसल्या असत्या.

“घ्यायच्या आधी एवढं बघायचं असतं. आणि डॉक्टरला विचारल्याशिवाय असली गोळी तोंडात टाकायची नाही.”

काका मान हलवत होते, पण त्यांचं चित्त भलतीकडंच होतं. “पैशाचं जाऊ दे, ताई. पण गोळीनं चेहरा बदलत न्हाय म्हणता? अगदीच न्हाय?”

“अहो, कुठल्याच गोळीनं माणूस परत तरणा होत नाही.”

काकांचा चेहरा असा काही उतरला की क्रांतीलाच कसंतरी झालं. पैसे गेल्याचं ऐकून तो एवढा उतरला नव्हता.

“पण ह्या वयात हे कुणासाठी चाललंय?” तिनं विचारलं.

“हाय एक बाई.” काका काचेवरचा डाग नखानं खरवडत राहिले. “लई जीव हुता तिचा माझ्यावर. आता वळख सुदिक दाखवत न्हाय.”

वा रे पठ्ठ्या! क्रांतीच्या डोक्यात तिडीक गेली. तिच्या सख्ख्या आत्याचा संसार असल्याच एका हिरोनं मोडला होता. “आणि काकू? त्या आहेत ना घरी?”

“हाय की शालू. शेजारच्या रत्नाबाईंच्या जिवावर सोडून आलोय, म्हणून तर घाई.”

म्हणजे घरात बायको अंथरुणाला खिळलेली आणि हा बाबा मिशा कोरून हिंडतोय. क्रांतीनं पुढं काही न विचारता कार्ड बंद केलं.

ऑनलाइन तक्रार करायला मोबाइलवरचे मेसेज लागणार होते, आणि मोबाइल घरी चार्जिंगला. घर मागच्याच गल्लीत. जेवणाची सुट्टी झाल्यावर क्रांती म्हणाली, “चला, मीच येते.” खरं तर तिला त्या माउलीला भेटायचं होतं. नवऱ्याचे धंदे तिच्या कानावर घालायचेच, असं तिनं ठरवून टाकलं होतं.

वाटेत काकांनी भडंगाचा पुडा घेतला. “शालूला आवडतंय,” म्हणाले. पाप लपवायला खाऊ, क्रांती मनातल्या मनात फणफणली. कोपऱ्यावर काका थांबले. रुमालानं कानामागचा ओघळ पुसला, भांग पाडला, शर्ट नीट खोचला. मग स्वतःच्याच दाराची कडी वाजवली आणि आत न शिरता अंगणात मागं सरून उभे राहिले.

दार उघडलं. शालूबाई अंथरुणाला खिळलेल्या वगैरे काही नव्हत्या. चांगल्या धडधाकट, ठसठशीत कुंकू लावलेल्या. त्यांच्या मागं रत्नाबाई भाजी निवडत बसल्या होत्या, आणि भिंतीवर लग्नानंतर लगेच काढलेला जोडीचा फोटो होता. फोटोतल्या तरण्या गड्याची मिशी कोरलेली. शर्ट मोठ्या कॉलरचा, चौकड्यांचा.

“काकू, मला तुमच्याशी जरा बोलायचंय,” क्रांती म्हणाली. पण तिचा आवाज आता तेवढा ठाम राहिला नव्हता.

“बोल की बाळ. पण आमचं मालक ड्युटीवरनं आलं न्हाईत अजून.”

काकांनी भडंगाचा पुडा पुढं केला. शालूबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला, पुडा घेतला आणि त्यांच्याकडं बघितलं. मिशीकडं बघितलं, शर्टाकडं बघितलं, परत तोंडाकडं बघितलं. काका श्वास रोखून उभे होते.

“पावणं,” शालूबाई म्हणाल्या, “तुमी आमच्या मालकांचं कोण लागतासा काय? तोंडवळा लई मिळतोय.”