खांद्यावरचं औषध

सकाळी मुलगा उघड्या अंगानेच स्वयंपाकघरात बसला होता. दोन्ही खांद्यांना काहीतरी चोपडलेलं आणि सून वर्तमानपत्राने वारा घालत होती.

"खांदे धरलेत का रे?" आईने विचारलं.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. "नाही गं. इतक्यात मूल नको म्हणून औषध आहे, पुरुषांनी लावायचं. अजून चाचणीच चालू आहे, मी त्यात नाव दिलंय. हिला गोळ्या सोसत नाहीत, तू पाहतेसच."

आता बोलणी बसणार, अशा तयारीने त्याने मान खाली घातली. आई मात्र भलतीकडेच पोचली होती. रोज रात्री त्याचे बाबा पाण्याचा पेला घेऊन यायचे, तसलीच गोळी तिच्या तळहातावर ठेवायचे आणि ती गिळेपर्यंत समोर उभे राहायचे. गोळीने तिचं डोकं चढायचं, मळमळायचं, तेव्हा कपाळही तेच चेपायचे. "वहिनी, नशीब काढलंत," असं नणंदा म्हणायच्या. बाबांना जाऊन इतकी वर्षं झाली तरी तो पेला आठवला की तिला भरून यायचं. आताही आलं.

"बाबा असते तर चिडले असते का गं?" मुलाने हळूच विचारलं.

"छे, ते कधी कुणावर चिडले?" तिने सुनेच्या हातातून वर्तमानपत्र घेतलं आणि वारा घालू लागली. "त्यांनी स्वतः लावलं असतं की नाही, देव जाणे. खांदे मात्र तुझ्यापेक्षा रुंद होते त्यांचे."