डेकवरचा तोल

पक्षाघातानंतर जुने खलाशी दत्ताराम मालंडकरांच्या मेंदूचे निम्मे काम कानामागची चिप करत असे. तिच्यासाठी नवा कर्नेल, म्हणजे चिप चालवणारी मूळ प्रणाली, अभियंता शर्वाणी बांधत होती. कर्नेल जितकी मेमरी खाई, तितकी आठवणींना कमी पडे. शिवाय कोणती आठवण कुठे ठेवली आहे, हे लक्षात ठेवायलाही जागा लागे. चिपच्या मेमरीची मर्यादा ओलांडली, की कर्नेल आठवणी पुसू लागे. शर्वाणीचा अंदाज मर्यादेच्या किंचित वर जात होता.

"काका, लाँचवर तोल सांभाळणारा भाग काढते. तुम्ही आता समुद्रावर जात नाही ना?"

"झोपेत जातंय मां, बाय."

स्वप्ने तिने हिशेबात कधी धरलीच नव्हती.

"मग दुसरं काहीतरी सोडावं लागेल."

"जमिनीवरच्या तोलाचो भाग काढ. थंय माका काठी आसा."

"आणि पडलात तर?"

"जमिनीवर पडान कोण बुडता काय?"

ती हसली. पण स्वप्नाला किती मेमरी लागते, हे मोजण्याचे सूत्र तिच्याजवळ नव्हते. तसे तिने स्पष्ट सांगितले.

"चालू कर गो," दत्ताराम म्हणाले.

तिने जमिनीवरच्या तोलाचा भाग काढला. दुपारी नव्या कर्नेलवर त्यांना पहिली झोप लागली. पडद्यावर मेमरीची रेघ चढत गेली आणि मर्यादेला जवळजवळ टेकली. शर्वाणीचे बोट त्यांना जागे करणाऱ्या बटणावर गेले. तेवढ्यात रेघ उतरली. लाटेसारखी पुन्हा संथपणे चढली, पुन्हा उतरली. खाट स्थिर होती. पांघरुणाखाली दत्तारामांनी पाय फाकवले आणि रेघ पुन्हा चढण्याआधीच गुडघे किंचित वाकवले.