कागदावरचा घोडा

सकाळी अकरा वाजता घोड्यांच्या गुणांची यादी फळ्यावर लागली आणि सव्वाअकराला घोड्याचा मालक तिच्या खोलीचं दार ढकलून आत आला.

"अठ्ठ्याहत्तर?" त्याने उभ्याउभ्याच विचारलं. "माझ्या घोड्याला अठ्ठ्याहत्तर?"

"बसा ना," ती म्हणाली.

तो बसला नाही.

ती रेसकोर्सवरची हँडिकॅपर होती. घोड्याचा पळ बघून त्याला गुण द्यायचे, हे तिचं काम. जास्त गुणांच्या घोड्याने पाठीवर जास्त वजन घेऊन पळायचं, कमी गुणांच्याने कमी. म्हणजे शर्यत बरोबरीची होते. तिच्याआधी या खुर्चीत एकवीस वर्षं तिचे वडील होते. याच मालकाच्या एका घोड्याला जिंकायचं असूनही मागे ओढलं जातंय, असं त्यांनी लिहिलं आणि त्याचे गुण वाढवले. तेव्हा तो समितीपुढे उभा राहून म्हणाला होता, "यांनी कागदावर आहे तेवढं वाचावं. घोड्याच्या मनातलं सांगायला हे ज्योतिषी आहेत का?" समिती खो खो हसली. महिन्याभरात वडिलांची नोकरी गेली. 'ज्योतिषी' हे नाव तेवढं राहिलं.

"गेल्या हंगामात याचे ब्याण्णव होते," मालक म्हणाला.

"होते. नंतर तो लागोपाठ तीन शर्यती हरला. शेवटच्या शर्यतीत तर सातवा आला."

"अहो, पण ऐंशीच्या खाली गेला की कपच्या शर्यतीत त्याला घेतच नाहीत!"

"नाही घेत."

त्याचा हिशोब तिला पाठ होता. हरत हरत ब्याऐंशीपर्यंत उतरायचं, पाठीवरचं वजन हलकं करून घ्यायचं आणि मग कप मारायचा. त्या तीन शर्यतींचं चित्रीकरण तिने चाळीसेक वेळा पाहिलं होतं. शेवटच्या दोनशे मीटरमध्ये जॉकीची कोपरं मागे जायची, लगाम ताणला जायचा आणि घोडा मान वाकडी करून भांडायचा. पळायचं होतं बिचाऱ्याला.

मालक टेबलावर ओणवा झाला. आवाज खाली आला. "मॅडम, तुम्हाला घोडा कळतो. तो याहून कितीतरी चांगला आहे, हे तुम्हालाही दिसतंय."

"मला फक्त कागदावरचं दिसतं."

तो कुठेतरी ओळख पटल्यासारखा तिच्याकडे बघतच राहिला.

तिने एक कोरा कागद त्याच्यापुढे सरकवला आणि वर पेन ठेवलं. "लिहून द्या. 'माझा घोडा तिन्ही वेळा मुद्दाम मागे ठेवला होता.' आत्ताच्या आत्ता गुण वाढवते."

तेवढं एक वाक्य लिहिलं असतं, तर पुन्हा जन्मात त्याला कोर्सवर पाऊल टाकता आलं नसतं. त्याने पेनाला हातही लावला नाही.

"बापाचा सूड उगवतेयस तू," तो म्हणाला.

"हो," ती म्हणाली. "पण तेही कागदावर नाही."

दार आपटून तो गेल्यावर तिने घरी फोन लावला. नोकरी गेल्यापासून वडिलांनी घरात शर्यतीचा विषय काढू दिला नव्हता. पण आज तिने सगळं सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाही अडवलं नाही.

"त्याचे खरे गुण किती होते?" शेवटी त्यांनी विचारलं.

"चौऱ्याण्णव."

"म्हणजे तू खोटं लिहिलंस."

"हो, बाबा."

"मी असतो तर चौऱ्याण्णवच लिहिले असते."

"माहीत आहे मला."

ती मान खाली घालून, फोन कानाला लावून बसून राहिली. मग पलीकडून खुर्ची ओढल्याचा आवाज आला. वडील नीट टेकून बसले असावेत.

"बरं," ते म्हणाले. "त्याचं तोंड कसं झालं होतं, ते सांग. सावकाश सांग."