बिनमिरचीचा मासा

देवळालीच्या छावणीत गोऱ्या साहेबाचा खानसामा असलेल्या नियाजने त्या संध्याकाळी पहिल्यांदाच घरी स्वयंपाक केला. त्याची बायको जुलेखा दिवसभर विड्या वळून दमली होती. "तू बस, अर्ध्या तासात होतं," म्हणत त्याने काटे काढलेल्या रावसाच्या तुकड्यांना लोणी आणि मुरंब्याचा पाक चोपडला, ते पातेल्यात रचले आणि झाकणावर निखारे ठेवले. मासा आरशासारखा चकाकत बाहेर आला.

जुलेखाने एक घास खाल्ला आणि नवऱ्याच्या कपाळाला हात लावला.

"अंगात कणकण आहे का तुमच्या?"

"मला काय झालंय? साहेब रोज हेच मागून खातो."

"असं बिनमिरचीचं?"

"मिरचीला तो हातही लावत नाही."

"कधीपासून?"

"विलायतेहून आला तेव्हापासून."

जुलेखाचे डोळे भरून आले. "घर एवढं लांब, आणि माणसाची ही तब्येत." गुरुवारी ती दर्ग्यात जाऊन आली. साहेब बरा झाला तर चादर चढवीन, असं बोलून आली.

पावसाळा सरता सरता नियाज सांगत आला, "आज साहेबाने जेवताना हिरवी मिरची मागितली."

जुलेखाने हातातली विडी खाली ठेवली आणि चादर आणायला निघाली.